सिंहासनावर भिंगरी

टण्! डब्याचं झाकण दगडी फरशीवर पडलं, गरगरत गेलं आणि थेट सिंहासनाच्या पायरीशी आडवं झालं.

पडक्या राजधानीच्या दरबारात हात जोडून उभे असलेले यात्रेकरू दचकले. गाईडबाईने ते लगेच ओळखलं. झाकण तिच्याच घरचं होतं.

आज तिच्या नोकरीची परीक्षा होती. घोळक्यात मोठे साहेब स्वतः उभे. त्यांचा नियम साधा: पाहुण्यांच्या एकाही प्रश्नाला अडखळली, तर घरी. सकाळपासून ती अडखळली नव्हती. हत्ती कुठे बांधत, राणीच्या न्हाणीत पाणी कुठून येई, सगळं तोंडपाठ. पण लेकीला सांभाळणाऱ्या नणंदेला नेमका आजच ताप भरला, म्हणून चार वर्षांची भिंगरी खाऊच्या डब्यासकट खांबामागे बसली होती. हूं की चूं करायचं नाही, या बोलीवर.

भिंगरीने हूं केलं नाही, चूंही केलं नाही. ती झाकणामागे धावली. समोर पायऱ्या दिसल्या, चढली. वर ऐसपैस जागा रिकामी होती, बसली. ज्या आसनाला लोक लांबूनच माथा टेकवत, त्यावर पाय हलवत ती बिस्किट खाऊ लागली.

"भिंगरे, उतर!" आई दबक्या आवाजात म्हणाली.

एक आजीबाई तरातरा पुढे झाल्या. त्यांनी चष्मा नीट केला, भिंगरीला न्याहाळलं आणि चक्क वाकल्या.

"राणीसरकार, गुडघे फार दुखतात हो."

भिंगरीने त्यांच्या हातावर अर्धं बिस्किट ठेवलं. "हे खा. मग नाचा."

आजीबाई हसल्या, त्यांचे यजमान हसले, मग अख्खा दरबार खदखदला. बघता बघता रांग लागली. कुणी बढती मागितली, कुणी जावई. बिस्किटं संपली तेव्हा राणीने पापे वाटले. रांगेच्या शेवटी मोठे साहेब! आईने डोळे गच्च मिटले.

"सरकार, या गाईडबाईंना ठेवून घेऊ का?"

"हो. ती माझी आई आहे."

"मग काय, संपलंच! उद्यापासून कायम."

आई रडता रडता हसली. लेकीला कडेवर उचलून तिने भर दरबारात गिरकी घेतली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"तुमच्या आईला इथलं सगळं येतं बरं का," साहेब म्हणाले. "विचारा काहीही."

भिंगरीने बिनछपराचा दरबार पाहिला, ढासळलेल्या भिंती पाहिल्या, हात जोडलेली माणसं पाहिली.

"आई, सगळ्यांना हे घर एवढं आवडतं, तर मग सगळे इथून निघून का गेले?"