नऊ नंबरचा ठिपका

"दारात काय खांबासारखा उभा राहिलास? बटाट्याच्या न्योकी गार होतायत!" झुल्माबाई आतून ओरडल्या.

आदेमारचा पाय काही उचलेना. बगलेत लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये बाईंच्या संशोधनाचा निकाल. साल्तोहून मोन्तेविदेओला येताना बसमध्ये त्यानं एकच वाक्य घोळवलं होतं. आता तेही आठवेना.

या बाईंनी त्याला काय नाही दिलं! खेड्यातून आला तेव्हा शहरातला रस्ताही धड ओलांडता येत नव्हता. मेंदूची चित्रं वाचायला बाईंनी शिकवलं. पहिला चांगला कोट बाईंनी घेऊन दिला. वडील गेले तेव्हा बाई त्याच्याशेजारी बसून राहिल्या. आणि आज तो त्यांच्याच घरी जेवून त्यांचंच नाव बुडवणार होता.

आठ वर्षांपूर्वी बाईंनी एक गोष्ट दाखवून दिली होती. घराण्यात उतरणारा विस्मरणाचा एक आजार असतो; बाईंची आई त्यातच गेली, शेवटी शेवटी पोटच्या लेकीला "ताई" म्हणायची. तो आजार उमटायच्या कितीतरी आधी मेंदूत एका जागी ठिपका उजळतो, असं बाईंचं म्हणणं. अठरा रोगी आणि अठरा धडधाकट माणसं त्यांनी यंत्रात घातली. ठिपका सगळ्या रोग्यांत दिसला. धडधाकटांत फक्त एकात, नऊ नंबरमध्ये. "तेवढा काढून टाका, यंत्राची गडबड असेल," असं कितीजणांनी सुचवलं. बाई बधल्या नाहीत. "दिसलं ते दिसलं," म्हणाल्या.

"काय रे दादा, चेहरा का पडलाय? बस चुकली का पोरगी?" बाईंची लेक नोएलिया ताटं मांडत म्हणाली.

"दोन्ही," तो कसाबसा हसला आणि त्यानं हातातलं भांडं पुढे केलं; त्यात माते होता, तिकडचा घरोघरचा चहा. "घे, एक घोट."

"तो कडू पाला तुलाच लखलाभ. माझ्या पोटात नुसती ढवळाढवळ होते."

"उरुग्वेची आहेस असं बाहेर कुणाला सांगू नकोस बाई," झुल्माबाई म्हणाल्या. नोएलिया जीभ दाखवून स्वयंपाकघरात गेली, कॅमोमाइलच्या फुलांचा आपला काढा करायला.

एकोणतीस तारीख होती, न्योकी खाऊन मनातलं काही मागायचा दिवस. बाईंनी रिवाजाप्रमाणे ताटाखाली नोट सरकवली आणि डोळे मिटले.

"दर महिन्याला काय मागता हो बाई?"

"तेच. मला दुसरं काय मागायचंय?"

ही सगळी फेरतपासणी बाईंनीच तर आदेमारच्या मागे लावली होती. "छत्तीस माणसांवर कसला भरवसा ठेवतोस? पुन्हा करून बघ. माणसं वाढव." शंभरावर तो दमला, तेव्हा बाई कचेऱ्यांचे उंबरे झिजवून त्याच्यासाठी यंत्राचे तास मिळवत राहिल्या. "अजून वाढव रे." केवढा हा आत्मविश्वास, असं त्याला तेव्हा वाटायचं.

"बाई, ठिपका खोटा आहे," तो एकदम बोलून गेला.

काटा बाईंच्या हातातच राहिला. "किती माणसं?"

"चारशे बारा. साल्तोला आमच्याकडे सगळ्यांनाच उपाशीपोटी आणलं. तर रोग्यांतही ठिपका, धडधाकटांतही ठिपका. डोकंच चालेना. मग त्याच माणसांना माते पाजून पुन्हा यंत्रात घातलं. सगळ्यांचा ठिपका गायब! मातेनं मेंदूतला रक्ताचा ओघ कमी होतो, बाई. आजाराशी त्याचा काही संबंध नाही."

"पण आमच्या वेळी..."

"आपल्या वेळी रोगी वॉर्डातून यायचे, सकाळपासून पोटात काही नाही. आणि धडधाकट माणसं बाहेर बाकावर बसायची. पाहुण्याला कोरडं कसं बसवायचं, म्हणून मातेचा थर्मास फिरायचा. मीच तर ओतून द्यायचो."

बाई उठल्या. आता थोबाडीत बसणार, असं त्याला वाटलं. बाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कपाळाचा मुका घेतला आणि लहान पोरासारख्या रडायला लागल्या. "देवा, तुझे उपकार. आदेमार, बाळा, तुझे उपकार कसे फेडू रे मी?"

"बाई, सगळीकडे छापून येईल. तुमचं काम चुकलं म्हणून."

"येऊ दे! चांगलं ठळक छापून येऊ दे! मीच लिहून देते, बस."

स्वतःच्या हरण्यावर इतकं खूश होणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. अशी गुरू आपल्याला लाभली, केवढं हे भाग्य! डोळे पुसत त्यानं काटा उचलला. भूक लागल्याचं त्याला आत्ता कुठे कळलं.

"एक बरं झालं," तो तोंडात घास घेत म्हणाला. "तुमच्या नऊ नंबरचं कोडं सुटलं. त्या सगळ्यांत तेवढ्या एकानं माते घेतला नसणार, दुसरं काय? कोण होतं हो ते?"

बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. नोएलिया गुणगुणत फुलांवर कढत पाणी ओतत होती.

"त्या आठवड्यात तू गावी होतास आणि माणसं कमी पडत होती रे," बाई अगदी हळू म्हणाल्या. "अठरावा वाढदिवस होता तिचा. आधी यंत्रात झोप, मग केक, म्हटलं होतं मी."