माहिती देणारा

“रांगली कधी?” सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. मुलीला डिस्लेक्सिया असल्याचा त्यांचा दाखला मिळाला, तरच बोर्ड दहावीच्या पेपरांना तिला जादा वेळ देणार होतं.

“तिच्या आईला माहीत होतं,” मी म्हणालो. “ती श्रावणात गेली.”

“आणि तुम्ही कुठे होता?”

“घरातच.”

मुलगी हळूच म्हणाली, “आठव्या महिन्यात रांगले. चालले पंधराव्या. बोलायला उशीर झाला. पहिल्यांदा ‘दे’ म्हणाले. वेणी घालताना आई सांगायची.”

बाई भराभर लिहीत होत्या. मी हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होतो.

शेवटच्या रकान्यात छापलं होतं, ‘माहिती देणारा’. बाईंनी पुढे ‘वडील’ लिहिलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. दाखला हवा होता. मी सही केली.