हिरवळीवरचे डाग

बाळांनो, आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसर गावात एका नव्या बंगल्यापुढची हिरवळ डोळ्यांसमोर आणा, आणि तिच्यावर ताटाएवढे वाळके, तपकिरी डाग. ते भरून येईपर्यंत आठ वर्षांच्या आरोहीला तिथे पाऊल टाकायला बंदी होती. महिना झाला, तिचा चेंडू पायरीवरच पडून होता.

त्या दिवशी यमाजीबाबा मेंढरं घेऊन फाटकाशी थांबले. "भरतभाऊ, दोन दुपारी बसवू का मेंढरं? तुमचं वडील आवतण धाडून बसवायचं हितं. लेंड्या पडल्या की लई तरारतंय गवत."

"बाबा, हे वावर न्हाई, लॉन हाय," आरोहीचे पप्पा नाकाला रुमाल लावून म्हणाले. "घाण नको मला. शहरातनं भारीतलं औषध मागवलंय."

मेंढरं पुढे गेली आणि थोड्या वेळाने पार्सल आलं. पप्पांनी हातमोजे चढवले, पिशवी कापली आणि आतल्या काळ्या गोळ्या खिरीत केशर घालावं तशा चिमटीचिमटीने डागांवर टाकल्या. "वास बघ आरू, कसा अस्सल हाय!"

आरोहीने रिकामी पिशवी उचलली. तिच्यावर मेंढीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'शुद्ध मेंढीखत, थेट जुन्नर-आंबेगावच्या माळावरून'.

तिने ते दोनदा वाचलं. मग चेंडू काखेत मारला आणि फाटक सताड उघडं टाकून रस्त्याने धावत सुटली. "यमाजीबाबा, मागं फिरा!"