जास्तीचं तेल

सीलच्या शिकारीला निघायचं सोडून जेपूटी सकाळपासून बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलच्या इंजिनात डोकं घालून बसला होता. पेट्रोल नेहमीइतकंच लागत होतं, पण तेलाची टाकी बघता बघता रिकामी व्हायची. नळीला गळती नव्हती, स्पार्क प्लग मात्र काजळून काळेठिक्कर पडले होते. शेवटी त्यानं इंजिनात तेल सोडणारा पंप पाहिला. किती तेल सुटावं यासाठी त्यानं स्वतः जुळवलेल्या खुणा पार सरकल्या होत्या.

"आई! या पंपाला कुणी हात लावला?"

ऊलीपिका दारातूनच म्हणाली, "मी. तेल वाढवलंय."

"वेड लागलंय का तुला? असे प्लग काजळले तर गोठलेल्या समुद्रावर गाडी बंद पडेल माझी!"

"प्लग बदलला की चालू होते ना? तुझ्या दादाचं इंजिन तेल न मिळून जाम झालं. आला का तो परत?"

खुणा जुळवायला उचललेला पाना जेपूटीनं हळूच पेटीत ठेवला.

"नवे प्लग कुठायत?"

"तू इंजिनाशी भांडत होतास, तेवढ्यात तुझ्या कोटाला आतून खिसा शिवलाय. त्यातच आहेत."