भूल न देता

“आ करा, काका. अजून मोठा. हां, आता बोलायचं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी गालाच्या आत कापसाचे दोन बोळे बसवले.

खुर्चीतल्या काकांना बोलायचं नव्हतंच. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून त्यांना दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय होती. अक्कलदाढ काढून घ्यायची मात्र पहिलीच वेळ.

सुई टोचून झाली. डावा ओठ हळूहळू दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटू लागला.

“तुम्ही लिहिण्यावाचण्यातले, म्हणून सांगते,” बाई हातमोजे ओढत म्हणाल्या. “आमचे हे गोष्टी लिहितात. मोबाइलवर एक गट आहे, ‘लेखणीचे सोबती’ म्हणून. ठाऊक आहे?”

काकांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“तिथे एक ‘करवत’ आहे.”

पंखा चालू होता, तरी काकांना घाम फुटला.

करवत तेच होते. हे घरी काकूंनाही माहीत नव्हतं. दुपारचं जेवण झालं की ते मोबाइल घेऊन बसत आणि नवख्यांच्या गोष्टींची सालटी काढत. गट चालवणाऱ्या ताईंनी नियम लावून दिले होते: आधी काय आवडलं ते सांगा, मग काय खटकलं ते, आणि जे तोंडावर बोलवणार नाही, ते इथे लिहू नका. करवतीने त्या नियमांतल्याच दोन चुका काढून दाखवल्या होत्या.

“यांचं तिथलं नाव चंद्रकोर.”

चंद्रकोर म्हणजे विशीतली एखादी पोरगी असेल, दोन दिवस रडेल आणि विसरेल, असं काका धरून चालले होते. या पोरीला दातांची डॉक्टर बायको असेल, हे कुठून सुचणार?

“काय लिहावं त्या करवतीने? ‘तुमची गोष्ट अर्धी वाचली आणि मला मरणाची भीती वाटेनाशी झाली.’” बाईंनी ताटलीतून एक अवजार उचललं, उजेडात धरून पाहिलं, ठेवलं आणि त्याहून मोठं उचललं. “पाठ झालंय मला.”

“आग्,” काका म्हणाले.

“दुखतंय?”

दुखत नव्हतं. तेच तर वाईट होतं. तोंडात काय चाललंय याचा पत्ता लागत नव्हता.

“आता बघा, मी दात उपटते तेव्हा आधी सांगते, भूल देते, मग हात लावते. या गटांवर लोक भूल न देता उपटतात. आणि वर हसरे चेहरे चिकटवतात.” पक्कड दाढेवर बसली. “या माणसाला हे कुणाच्या तोंडावर बोलवलं असतं?”

काकांनी जोरजोरात मान हलवली.

“हलू नका. नस अगदी जवळ आहे.”

काका हलायचे थांबले. श्वासही त्यांनी हप्त्याहप्त्याने घेतला.

“त्या दिवशी यांनी वही मिटली. जेवताना तोंडातून शब्द नाही. नऊ दिवस असे गेले.” दाढेत काहीतरी कर्रकन वाजलं. “ताईंना फोन केला, तर त्या नाव सांगेनात. म्हटलं, नका सांगू. दात सगळ्यांनाच असतात. कधी ना कधी येईल माझ्या खुर्चीत.”

“आला की मला हाक मारा,” लाळेची नळी धरून उभ्या असलेल्या नर्सबाई म्हणाल्या. “मला बघायचाय एकदा.”

“तुम्हाला कशाला? माझं मी बघेन.”

काकांनी डोळे मिटले. या खुर्चीतून धड उठलो, तर कुणाला वाकडा शब्द लिहिणार नाही. गोष्टीत काही चांगलं नसलं, तर कागदाचा रंग चांगला म्हणेन. मोबाइलवर कागद नसतो, हे त्यांच्या लक्षात आलं, पण तेवढं चालण्यासारखं होतं.

“झालं,” बाई म्हणाल्या. दाढ ताटलीत टण्णकन पडली. “अर्धा तास कापूस चावून धरायचा. बोलायचं नाही.”

नर्सबाई ताटली घेऊन बाहेर गेल्या. दार पाच पावलांवर होतं. काका उठले. तीन पावलं गेलेही.

“पुढच्या मंगळवारी उजवीकडची,” मागून आवाज आला. “ती जास्त खोल आहे.”

काका थांबले. मंगळवारपर्यंत या बाईला पत्ता लागला तर? त्या दिवशी पुन्हा याच खुर्चीत, पुन्हा तोंड उघडं. त्यापेक्षा आता, तोंड बंद असतानाच, सांगून टाकलेलं बरं.

त्यांनी हाताने कागदाची खूण केली. बाईंनी औषधांची चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. आयुष्यात पहिल्यांदा काकांचं अक्षर ओळीच्या खाली घसरलं. ‘मीच करवत. तुमची आणि चंद्रकोर यांची माफी मागतो. पुन्हा असं कधीही लिहिणार नाही.’

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्या दाराशी गेल्या, बाहेर डोकावल्या, दार लावलं आणि कडी घातली.

काका सरकत सरकत भिंतीला टेकले.

बाई जवळ आल्या, अगदी जवळ. तोंडावरची पट्टी त्यांनी खाली ओढली. पेन घेऊन चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य खोडलं आणि ती परत काकांच्या हातात दिली.

“अकरा वर्षं रोज जेवताना यांच्या गोष्टी ऐकतेय हो मी, आणि रोज ‘छान’ म्हणतेय,” त्या कुजबुजल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “आज सकाळी यांनी वही परत उघडली. कादंबरी म्हणतायत, काका. तुमच्या पाया पडते, अजून एकदा लिहा.”