अर्धा डबा

“झोपेच्या गोळीचं नंतर बघू. आज सकाळपासून काय खाल्लंत ते सांगा,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

ती गोंधळली. दुखणं झोपेचं आणि चौकशी पोटाची. अंथरुणाला पाठ टेकली की छातीत जळजळ सुरू व्हायची, पोट टम्म फुगायचं, आणि डोळ्याला डोळा लागेपर्यंत उठायची वेळ झालेली असायची. कित्येक महिने तिने हे अंगावर काढलं होतं. अजूनही काढलं असतं, बायकांना त्याची सवयच असते. पण ती शाळेची बस चालवायची, आणि काल सिग्नलला बस उभी असताना तिला डुलकी लागली. ब्रेकवरचा पाय सैल पडला. शेजारच्या रिक्षावाल्याने जोरात हॉर्न वाजवला म्हणून ती दचकून जागी झाली, तेव्हा पुढचा ट्रक हातभर अंतरावर होता. मागे मुलं गाणी म्हणत होती. कोणाला काही कळलं नाही. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

आज उपाय निघाला नाही तर उद्या गाडीची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवायची, हे तिने ठरवून टाकलं होतं. दुसऱ्यांची लेकरं मागे बसवून पेंगत गाडी हाकण्याइतकी ती निर्दयी नव्हती. किल्ली ठेवल्यावर घर कशावर चालणार, याचा विचार तिने मुद्दाम केला नव्हता. केला असता तर ती इथे आलीच नसती. नवरा दूरच्या शहरात कामाला होता आणि त्याचे पैसे कधी यायचे, कधी नाही.

“खाते की वेळेवर,” ती म्हणाली.

तिची लेक शेजारच्या स्टुलावर पाय हलवत बसली होती. तिला घरी एकटी ठेवायची कशी, म्हणून सोबत आणली होती. तिचे पाय थांबले. तिने आईकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी ते बघितलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग हळूहळू खरं काय ते बाहेर आलं.

सकाळी लेकीचा डबा भरता भरता उभ्यानेच चहा. पाणी नाही. वाटेत बाईमाणसाला जाता येईल अशी जागा कुठेच नव्हती, पुरुषांचं काय, त्यांना भिंत पुरते. मुलं शाळेत सोडली की परत चहा. दुपारी सगळी मुलं घरोघर उतरवून झाली की बसमध्ये उरायची फक्त लेक. तेव्हा ती बस कडेला लावायची आणि लेकीच्या डब्यात जे उरलं असेल ते खायची. अन्न टाकवत नाही म्हणून. पुढे स्वयंपाक, अभ्यास, कपडे. भूक आहे का असं लेकीने विचारलं की, मला नाही गं भूक, तू जेव. लेक झोपली की मात्र दिवसभराची भूक खवळायची. मग ओट्याशी उभी राहून पातेल्यात असेल ते गार अन्न ती भराभर गिळायची आणि तशीच आडवी व्हायची.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

“तुम्ही ड्यूटीवरून उतरता तेव्हा तुमचं पोट ड्यूटीवर चढतं,” त्या म्हणाल्या. “पोट जागं ठेवलंत तर डोळे कसे मिटतील?”

झोपेची गोळी त्यांनी दिली नाहीच. गोळीची गुंगी सकाळी स्टिअरिंगवर उतरली तर काय, असं त्यांनी विचारलं, आणि तिला कालचा ट्रक आठवला. बाकी सगळं सोपं सांगितलं. पाणी पीत जा, शाळेत बाथरूम आहे, तिथे हक्काने जा. सकाळी पोटभर खा. रात्री लेकीबरोबर लवकर जेवा. आणि जेवताना बसा.

“दिवसभर बसलेलीच असते,” ती म्हणाली, “बसमध्ये.” डॉक्टरबाई हसल्या नाहीत. तिलाही हसू आलं नाही. इतक्या साध्या गोष्टी आपल्याला जमत नाहीत, याची तिला लाज वाटत होती. रागही येत होता, कोणावर ते कळत नव्हतं.

“माझं राहू द्या,” ती म्हणाली. “आलेच आहे तर हिला बघा.” आणि मग ती भडाभडा बोलत सुटली. पोरगी नुसती पाप्याचं पितर झाली होती. गणवेशाचा पट्टा दोनदा आत घेतला. काहीही करून द्या, आवडीचं द्या, डबा अर्धा परत येतोच. अर्धा डबा खायची आणि आईची बोलणी मात्र रोज पोटभर खायची. पोटात जंत असतील, नाहीतर आणखी काही असेल. रात्री झोप नसते तेव्हा डोक्यात हाच भुंगा असतो.

डॉक्टरबाईंनी मुलीला जवळ घेतलं. जीभ बघितली, डोळे बघितले, पोट दाबून पाहिलं. दुखतं का, मळमळतं का, विचारलं. मुलीने प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवली. टेबलावर बिस्किटांचा पुडा होता. डॉक्टरबाईंनी एक पुढे केलं. मुलीने ते घेतलं, मधोमध मोडलं, अर्धं एका घासात संपवलं आणि अर्धं मुठीत धरून ठेवलं.

“भूक तर चांगली आहे की गं तुला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मग तुझा डबा रोज उरतो कसा?”

मुलीने आईकडे पाहिलं. बोलावं की नाही, असं तिला झालं होतं. मग ती अगदी हळू म्हणाली,

“उरत नाही. मी उरवते. आई उरलेलंच खाते ना.”