इंजिनाचं कवच

चारही स्क्रू निघाले, तरी इंजिनाचं कवच जागचं हललं नाही.

तिने ते आगगाडीचं इंजिन उलटं केलं, सुलटं केलं, कानाशी नेऊन हलवून पाहिलं. तळहातावर मावेल एवढं ते, पण नवऱ्यासमोर कुणी त्याला खेळणं म्हटलेलं चालत नसे. मॉडेल म्हणायचं. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून ती बसली होती आणि समोर नवरा. त्याचा उजवा हात मांडीवर पडला होता, कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा.

"परवा," तो म्हणाला.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्याच्याकडे एवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी परवा, पंखा नको असला तरी परवा. डोकं शाबूत होतं, कळत सगळं होतं. बोलायला गेला की तोंडातून तेवढंच पडायचं.

"परवा नाही, आजच काढणार आहे," ती म्हणाली. "बोलायला शिकवणाऱ्या त्या बाई म्हणाल्या ना, यांना आवडीच्या कामात गुंतवा. म्हणून हा उपद्व्याप. मला काय हौस आहे?"

इंजिन रुळावर ठेवलं की नुसतं घुरघुरायचं, चाकं हलायची नाहीत. रोज सकाळी तो डाव्या हाताने ते रुळावर ठेवायचा, बटण दाबायचा आणि मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. तिला ते पाहवेना.

तिने कवच घट्ट धरलं आणि बाटलीचं बूच ओढावं तसं ओढलं.

"परवा! परवा!"

"ओरडू नका. ओढायचं नाही, तर काय करायचं?"

"परवा."

"हो, कळलं. अगदी लख्ख कळलं."

तिने स्वयंपाकघरातून पातळ सुरी आणली. सुरीचं टोक फटीत जातंय न जातंय तोच त्याने डावा हात टेबलावर आपटला. स्क्रू उडाले. एक घरंगळत फ्रिजखाली गेला. ती गुडघ्यांवर बसली, फ्रिजखाली हात घालून चाचपलं, हाताला धुळीशिवाय काही लागलं नाही. उठताना कंबरेत चमक भरली आणि तिचा उरलासुरला धीर सुटला.

"मग तुम्हीच काढा!"

इंजिन तिने त्याच्यापुढे सरकवलं. बोलून गेली आणि लगेच जीभ चावली.

त्याने डाव्या हाताने इंजिन उचललं. छातीशी दाबलं, हनुवटीने अडवलं, बोटांनी कवचाची कड शोधू लागला. ज्या हाताने धरायचं त्याच हाताने उघडायचं, कसं जमणार? इंजिन निसटलं आणि टॉवेलवर पडलं. पुढचा बारीक तारेचा कठडा वाकला. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "दुकानात देऊ दुरुस्तीला."

त्याने मान हलवली. नाही. मग टेबलाच्या कडेचा औषधांचा डबा ओढला आणि त्यातलं गोळ्यांचं खोकं उचललं.

"अहो, गोळी आत्ताच झाली ना?" तिने खोक्याला हात घातला. "दुसरी घ्यायची नाही!"

तो सोडेना, तीही सोडेना. शेवटी त्याने मान खाली घातली, खोकं दातांत धरलं आणि टर्रकन फाडलं. गोळ्यांच्या पट्ट्या खाली पडल्या. आता डोकंही गेलं की काय? तो फाडतच होता. पुठ्ठ्याची एक पट्टी निघाली, दुसरी निघाली. ओल्या, दातांचे वण उमटलेल्या त्या पट्ट्या त्याने तिच्यापुढे टाकल्या आणि कवचाच्या खालच्या फटीवर बोट ठेवलं. इथे. मग पलीकडे. इथे.

"इथे घालायच्या? सुरीऐवजी?"

त्याने हो म्हणून डोळे मिटले.

"मग असं बोला ना!" ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळताच तिने घाईने इंजिन जवळ ओढलं.

पट्ट्या दोन्ही बाजूंनी फटीत सरकवल्या तसं कवच थोडं फाकलं. आत कुठेतरी कवच अडकवणारे प्लास्टिकचे आकडे सुटले. टक्. आणखी एक टक्. ती कवच उचलणार इतक्यात त्याने तिचं मनगट धरलं. इतकं जोरात की ती कळवळली. मग तिला दिसलं. आतल्या यंत्रापासून कवचातल्या दिव्यापर्यंत दोन तारा गेल्या होत्या, दोऱ्याहून बारीक. एक हिसका आणि तुटल्या असत्या. झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तसं तिने कवच बाजूला कलतं ठेवलं.

आत दातेरी चाकं होती. त्यांच्यामधल्या आसाभोवती काहीतरी गुंडाळलं होतं, पीळ बसून करकचलेलं. तिने भुवयांचा चिमटा आणला. एक टोक हाती लागलं आणि ती उलगडत गेली. केस होता. लांबच लांब, एका टोकाला पांढरा, पुढे काळा रंगवलेला.

"माझाच की हो," ती म्हणाली. "तुमच्या शर्टावरून गेला असेल."

तिने बोटाने चाक फिरवून पाहिलं. फिरलं.

त्याने डावा हात पुढे केला. तिला वाटलं, चिमटा हवाय. त्याने मान हलवली. मग तिने केस त्याच्या तळहातावर ठेवला, आणि त्याने मूठ मिटली.

"द्या इकडे, केरात टाकते."

तो मूठ उघडेना.

"अहो, द्या म्हणते ना!"

त्याने मूठ टेबलाखाली नेली.